चार गज, एक सूर

मैफल हा शब्द आपल्या इतक्या ओळखीचा आहे की त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मोठे सभागृह नसले तरी चालते. एखादा दिवाणखाना, खाली जाजम, तानपुरा, सारंगी, तबल्याची जोडी आणि दाद कुठे द्यायची हे जाणणारे पंधरा-वीस श्रोते असले की मैफल जमते. युरोपच्या अभिजात संगीतातही अशी एक परंपरा आहे. तिकडे तिला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली, दालन. शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा आणि त्यांच्यापुढे छडी हलवणारा संचालक हे चित्र आपण सिनेमात पाहिलेले असते. पण त्या संगीतातले जाणकार ज्याला सर्वांत अवघड आणि सर्वांत अंतरंगातले मानतात, ते हे दालनातले संगीत.

त्यातही मानाचे पान स्ट्रिंग क्वार्टेटचे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. व्हायोला व्हायोलिनहून जरा मोठा आणि खालच्या आवाजाचा. चेलो खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. चौघांच्याही हातात गज. समोर संचालक नाही, ठेका धरायला तबलजी नाही. सूर आधी लिहिलेले असतात, पण ते कधी सुरू करायचे, किती लांबवायचे, कुणी पुढे यायचे आणि कुणी मागे सरायचे, हे चौघांनी एकमेकांच्या श्वासावरून ओळखायचे.

आपल्याकडची रीत वेगळी. एक मुख्य कलावंत, बाकीचे साथीदार. जाहिरातीत गवयाचे नाव ठळक, तबलजीचे बारीक, आणि सारंगियाचे कित्येकदा नसतेच. क्वार्टेटमध्ये मात्र चौघांचीही नावे मागे पडतात आणि एक समाईक नाव पुढे येते. ते नाव चौघांनी मिळून सांभाळायचे, तेही वर्षानुवर्षे. हे जमते कसे? तुटते कुठे? आणि एकजण गेला तर उरलेल्या तिघांनी काय करायचे? या प्रश्नांपाशी आले की इतिहासातल्या ज्या चौघांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, ते म्हणजे लंडनचा अमाडेउस क्वार्टेट.

हवेलीतून तिकीटबारीकडे

आधी थोडी पूर्वपीठिका. १७५०च्या दशकात ऑस्ट्रियात फ्यूर्नबेर्ग नावाच्या एका उमरावाला आपल्या वाइनझिर्लच्या हवेलीत घरगुती वादन करावेसे वाटले. हाताशी वादक कोण, तर गावचा पाद्री, जहागिरीचा कारभारी, एक चेलोवादक आणि जोसेफ हायडन नावाचा गरीब तरुण. या चौघांना वाजवता येईल असे काहीतरी लिही, असे उमरावाने हायडनला सांगितले. हायडनने लिहिले आणि पुढे आयुष्यभर लिहीत राहिला. त्याच्या नावावर ६८ क्वार्टेट आहेत. चार वाद्यांचा हा मेळ कुणा विद्वानाने आराखडा आखून काढलेला नाही, हाताशी जी माणसे होती त्यांतून तो निघाला. १७८४ साली व्हिएन्नात एका घरगुती बैठकीत हायडन, मोत्सार्ट, डिटर्सडोर्फ आणि वानहाल हे चार रचनाकार स्वतः वाद्ये घेऊन एकत्र बसले होते, अशी नोंद आहे. ऐकणारे थोडे, पण वाजवणारे कोण!

तोवर हे सारे हौसेचे किंवा आश्रयाचे काम होते. पोटासाठी नेमाने एकत्र वाजवणारे चौघे, म्हणजे धंदेवाईक क्वार्टेट, ही कल्पना रुजली ती इग्नाझ शुपानझिग या व्हायोलिनवादकामुळे. १८०४-०५च्या हंगामात त्याने व्हिएन्नात वर्गणीदार श्रोत्यांसाठी क्वार्टेटचे जाहीर कार्यक्रम सुरू केले. १८०८मध्ये रशियाचा व्हिएन्नातला मुत्सद्दी काउंट राझुमोव्स्की याने त्याला पगारी क्वार्टेट उभारून दिला. पुढे १८१४च्या अखेरच्या रात्री काउंटच्या प्रासादाला आग लागली आणि काही काळाने हा आश्रयही सुटला. दरबार बुडाला की गवई रस्त्यावर येतो, हा अनुभव काही आपल्याच संस्थानांचा नाही.

याच मंडळींनी बेटहोफेनच्या रचना पहिल्यांदा वाजवल्या. १८२५च्या मार्चमध्ये त्याचा एक नवा क्वार्टेट शुपानझिगच्या हातून पुरेशा तालमीअभावी फसला. बेटहोफेनने तो योसेफ ब्योम या दुसऱ्या वादकाकडे दिला आणि तालमीला स्वतः येऊन बसला. तेव्हा त्याला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. तो वादकांच्या गजांकडे डोळे लावून बसे आणि गजाच्या चालीवरून लय चुकली की नाही ते सांगे, असे ब्योमने नोंदवून ठेवले आहे.

विसाव्या शतकात रेल्वे, आगबोट आणि ग्रामोफोन आले, आणि क्वार्टेट हा जगभर हिंडणारा व्यवसाय झाला. व्यवसाय म्हटला की कायदेकानू आले. १९१७ साली बुडापेस्टच्या ऑपेरातल्या चार वादकांनी बुडापेस्ट क्वार्टेट स्थापन केला, तो नियम ठरवूनच. मतभेद झाला तर मतदान. मिळकत चौघांत सारखी, मग पहिले व्हायोलिन वाजवणारा कितीही नावाजलेला असो. बाहेरची कामे कुणी घ्यायची नाहीत. ज्या काळात युरोपातले अर्धे देश हुकूमशहांच्या हाती जात होते, त्या काळात चार माणसांचे हे चिमुकले लोकराज्य चालले होते. त्यातही एक गंमत आहे. एकेक हंगेरियन वादक निघून गेला आणि त्याच्या जागी एकेक रशियन आला. १९३६पासून बुडापेस्ट क्वार्टेटमध्ये बुडापेस्टचा एकही माणूस नव्हता. नाव मात्र तेच राहिले.

१९३८

व्हिएन्नात क्वार्टेटवादनाचे मोठे घर होते आर्नोल्ड रोझे यांचे. १८८२च्या सुमारास त्यांनी आपला क्वार्टेट काढला. व्हिएन्नाच्या ऑपेरात त्यांनी सत्तावन्न वर्षे मुख्य व्हायोलिनवादकाची जागा सांभाळली. मार्च १९३८मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि पंचाहत्तरीच्या घरातल्या या वादकाला कळवण्यात आले की आता यायचे कारण नाही. रोझे ज्यू होते. पुढच्या वर्षी ते लंडनला पोहोचले. त्यांचे जुने सोबती, चेलोवादक फ्रीड्रिश बुक्सबाउम, हेही लंडनला आले, आणि दोघे म्हातारे परक्या शहरात पुन्हा एकत्र वाजवू लागले.

रोझे यांची मुलगी आल्मा हीदेखील व्हायोलिनवादक. वडिलांचा लंडनमधला खर्च भागावा म्हणून ती हॉलंडला गेली आणि तिथल्या घराघरांतल्या दिवाणखान्यांत कार्यक्रम करू लागली. हॉलंड जर्मनांच्या हाती पडल्यावर ती अडकली. पळून जाताना फ्रान्समध्ये पकडली गेली आणि जुलै १९४३मध्ये तिला आउशवित्झच्या छळछावणीत पाठवण्यात आले. तिथे स्त्री-कैद्यांच्या वाद्यवृंदाची सूत्रे तिच्याकडे आली. या वृंदात असणे म्हणजे मरणापासून एक दिवस लांब असणे, हे ओळखून तिने वादनाचा दर्जा सांभाळला आणि त्यातल्या बहुतेक जणी वाचल्या. ती स्वतः एप्रिल १९४४मध्ये छावणीतच आजारी पडून मरण पावली. वडील १९४६मध्ये लंडनला वारले.

रोझे क्वार्टेट असा संपला. चौघांच्या भांडणाने नव्हे, वयाने नव्हे. राज्य बदलले आणि कोण या शहराचा आणि कोण परका याची व्याख्या बदलली, म्हणून संपला.

काटेरी तारेआडची ओळख

त्याच १९३८ साली व्हिएन्नाहून आणखी तीन मुलगे इंग्लंडला आले. नॉर्बर्ट ब्रेनिन, झीगमुंड निसेल आणि पेटर शिडलोफ. तिघेही ज्यू, तिघेही पंधरा-सोळा वर्षांचे, तिघांच्याही हाती व्हायोलिन. एकाच शहरातून आलेले, पण एकमेकांची ओळख नव्हती. ती ओळख करून दिली तुरुंगाने.

झाले असे की ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर हे मुलगे कागदोपत्री जर्मन ठरले होते. १९३९मध्ये ब्रिटनने अशा परदेशीयांची चौकशी करून बहुतेक ज्यू निर्वासितांना ‘धोका नाही’ असा शेरा दिला होता. पण १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, लोकांत घबराट पसरली आणि सरकारने सरसकट धरपकड सुरू केली. सुमारे २७,००० माणसे ‘शत्रुदेशीय परके’ म्हणून अटकेत गेली. ज्याच्यापासून जीव वाचवून पळालो त्याचाच हस्तक म्हणून पकडले जाणे, याहून क्रूर थट्टा कोणती? काहींना बोटीने कॅनडाला धाडण्यात आले. त्यांतली ‘अरांडोरा स्टार’ ही बोट २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने बुडवली आणि आठशेहून अधिक लोक मेले.

ही धरपकड ब्रिटिश हिंदुस्थानातही झाली. आपल्या त्या वेळच्या अहमदनगरात, देवळालीला, पुरंदरावर आणि साताऱ्याला जर्मन नागरिकांच्या छावण्या होत्या, आणि त्यांत नाझींच्या तावडीतून निसटून आलेले ज्यूही नाझींच्याच शेजारी डांबले गेले होते. माणसाने काय केले यापेक्षा त्याच्या कागदावर काय लिहिले आहे, यावर तो मित्र की शत्रू हे ठरत होते.

इंग्लंडमध्ये प्रीस हीथच्या छावणीत ब्रेनिन आणि शिडलोफ भेटले. ब्रेनिन लवकर सुटला. शिडलोफची रवानगी आइल ऑफ मॅन या बेटावर झाली. समुद्रकाठच्या खाणावळींना आणि हॉटेलांना काटेरी तार ओढून तिथे छावण्या केल्या होत्या. त्यांतल्या ऑन्कन छावणीत त्याला निसेल भेटला. छावण्यांत प्राध्यापक होते, चित्रकार होते, वादक तर कितीतरी. व्याख्याने होत, मैफली होत. हान्स गाल हे पन्नाशीचे रचनाकार लिव्हरपूलजवळच्या हाइटन छावणीत होते. तिथे एक बासरी आणि दोन व्हायोलिने एवढीच वाद्ये हाताशी होती, म्हणून त्यांनी नेमकी तेवढ्याच वाद्यांसाठी रचना केली. हायडनच्या हवेलीत आणि हाइटनच्या छावणीत न्याय एकच. जे आहेत त्यांच्यासाठी लिहायचे.

अटकेतल्या संगीतकारांच्या सुटकेसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते इंग्लंडचे ज्येष्ठ रचनाकार रेल्फ वॉन विल्यम्स. आपल्या मातीतल्या लोकगीतांवर जीव टाकणारा हा अस्सल इंग्रज, परक्यांच्या सुटकेसाठी अर्ज चाळत बसला होता. तेही त्या इतिहासात लिहून ठेवायला हवे.

सुटल्यावर तिघेही माक्स रोस्टाल यांच्याकडे गेले. रोस्टाल स्वतः बर्लिनहून परागंदा झालेले ज्यू उस्ताद. मुलांकडे पैसे नव्हते, रोस्टाल यांनी फी घेतली नाही. ब्रेनिन युद्धकाळात कारखान्यात यंत्रांची जोडणी करत होता आणि उरल्या वेळात रियाज. गंडा बांधला नसेल, पण तालीम म्हणतात ती हीच.

शंभर पौंड

चौथा माणूस मिळाला तो गुरुबहिणीमुळे. रोस्टाल यांची शिष्या सुझान रोझा हिच्याकडून मार्टिन लव्हेट या चेलोवादकाशी ओळख झाली. तो लंडनमध्येच जन्मलेला ज्यू. पुढे सुझान आणि मार्टिन यांचे लग्न झाले. चौघे एकत्र वाजवू लागले तेव्हा अडचण अशी की व्हायोलिनवाले तीन, आणि जागा दोन. तेव्हा शिडलोफने व्हायोलिन खाली ठेवले आणि व्हायोला उचलला. कलावंताच्या आयुष्यात ही लहान गोष्ट नव्हे. व्हायोलिनकडे धून असते, टाळ्या असतात. व्हायोला मधे राहून दोन्ही बाजू सांधणारा, न ऐकणाऱ्याला ऐकू न येणारा. पण शिडलोफच्या हाती तो असा बोलू लागला की या वाद्याकडे पाहण्याची श्रोत्यांची नजर बदलली.

१९४७च्या उन्हाळ्यात डेव्हन परगण्यातल्या डार्टिंग्टन हॉलमध्ये त्यांनी ‘ब्रेनिन क्वार्टेट’ या नावाने वाजवले. डार्टिंग्टन ही संस्था काढणारे लेनर्ड एल्महर्स्ट हे रवींद्रनाथांचे सहकारी. श्रीनिकेतनचे ग्रामोद्धाराचे काम त्यांनी उभे केले होते. तिथे संगीत शिकवणाऱ्या इमोजेन होल्स्ट यांनी या चौघांचे वादन ऐकले आणि लंडनचा विगमोर हॉल भाड्याने घेण्यासाठी आपल्या पदरचे १०० पौंड दिले.

१० जानेवारी १९४८. नाव बदलले होते. कुणा एकाचे नाव नको, म्हणून मोत्सार्टचे मधले नाव घेतले, अमाडेउस. सभागृह गच्च भरले. यामागे एक कारण होते. युद्धाच्या सहा वर्षांत मायरा हेस या पियानोवादिकेने लंडनच्या नॅशनल गॅलरीत, चित्रे सुरक्षित जागी हलवल्यावर रिकाम्या राहिलेल्या दालनांत, दुपारच्या मैफली चालवल्या होत्या. १९३९ ते १९४६ या काळात १,६९८ मैफली झाल्या. वरून बाँब पडत असताना कारकून, परिचारिका आणि सैनिक तिथे येऊन बेटहोफेन ऐकत. शत्रूच्या देशाचा बेटहोफेन! त्या दालनांनी चेंबर म्युझिकचा नवा श्रोता घडवला होता, आणि तो श्रोता विगमोर हॉलच्या दारात उभा होता.

चाळीस वर्षांचा संसार

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे तेच चौघे. क्वार्टेटवाल्यांच्या जगात हे नवल आहे. चौघांनी रोज तासन्‌तास एका खोलीत बसायचे, एका सुरावरून हुज्जत घालायची, मग एकाच गाडीने, एकाच विमानाने गावोगाव जायचे. मानधन चौघांत वाटायचे आणि तिकिटे मात्र पाच, कारण चेलो सामानात टाकता येत नाही, त्याला शेजारची खुर्ची लागते. तीच रचना शंभरदा वाजवायची आणि शंभराव्या वेळी ती पहिल्यांदा सुचल्यासारखी वाटली पाहिजे. याला संसार म्हणायचे नाही तर काय?

चौघांचे स्वभाव वाद्यांसारखेच निराळे. ब्रेनिन पुढे झेपावणारा. निसेल दुसऱ्या व्हायोलिनवर. क्वार्टेटचा पत्रव्यवहार, प्रवास, हिशेब हेही तोच पाहायचा. दुसरे व्हायोलिन म्हणजे दुय्यम, असा बाहेरच्यांचा समज असतो. पण दुसरे व्हायोलिन घराच्या भिंतीसारखे असते. ती आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही, नसली की छप्पर खाली येते. मोत्सार्टच्या पहिल्या नावावर कोटी करून इंग्रज मंडळी या चौघांना ‘वुल्फ गँग’, म्हणजे लांडग्यांची टोळी म्हणत.

त्यांनी सुमारे २०० ध्वनिमुद्रणे केली. त्यांतली बहुतेक ‘डॉइश ग्रामोफोन’ या जर्मन कंपनीसाठी. हायडन, मोत्सार्ट, शूबर्ट, ब्राम्स आणि बेटहोफेनचे सगळे क्वार्टेट. ज्या भाषेत त्यांना हाकलण्याचे हुकूम निघाले होते, त्या भाषेच्या मुलखात ते पुन्हा पुन्हा वाजवायला गेले आणि तिथेच त्यांना सर्वांत मोठा श्रोतृवर्ग मिळाला. पुढे कोलोनच्या संगीतविद्यालयात ते शिकवूही लागले. याला क्षमा म्हणावे की हक्क? मला वाटते, हक्क. मोत्सार्ट आमचाही आहे, आणि तो आमच्यापासून काढून घेण्याचा अधिकार कुठल्याही सरकारला नाही, हे त्यांनी भाषणात सांगितले नाही, वाजवून सांगितले.

बेंजामिन ब्रिटन या इंग्लंडच्या थोर रचनाकाराने १९७५ साली आजारपणात आपला तिसरा क्वार्टेट त्यांच्यासाठी लिहिला. तो अर्पण केला होता हान्स केलर या समीक्षकाला. केलरही व्हिएन्नाचे ज्यू आणि तेही आइल ऑफ मॅनच्या छावणीत राहून आलेले. १९७६च्या सप्टेंबरात चौघांनी ब्रिटनच्या घरी जाऊन त्यांना ही रचना ऐकवली. ४ डिसेंबरला ब्रिटन गेले. १९ डिसेंबर १९७६ रोजी स्नेप गावच्या सभागृहात तिचे पहिले जाहीर वादन झाले. तिचा शेवट स्थिर, भरल्या सुरावर होत नाही. प्रश्न विचारून थांबल्यासारखा होतो.

घराणे की यारी?

ऑगस्ट १९८७मध्ये पेटर शिडलोफ हृदयविकाराच्या झटक्याने वारला. वय ६५. जगात उत्तम व्हायोलावादकांची वाण नव्हती. कार्यक्रम ठरलेले होते, नाव सोन्याचे होते. तरीही उरलेल्या तिघांनी ठरवले की त्याच्या जागी कुणी नको. अमाडेउस क्वार्टेट त्या दिवशी संपला. शिडलोफ ज्यावर वाजवत असे तो स्ट्राडिवारीने १७१९ साली बनवलेला व्हायोला २०१४मध्ये विक्रीला निघाला तेव्हा त्याची किमान अपेक्षित किंमत ४ कोटी ५० लाख डॉलर सांगितली गेली होती. तो विकला गेला नाही. वाद्याची किंमत ठरवता येते. ज्या हातांमुळे ते बोलत होते त्यांची जागा भरायला तीन मित्र तयार झाले नाहीत.

हा एकच मार्ग आहे असे नाही. बुडापेस्ट क्वार्टेटने माणसे बदलली आणि पन्नास वर्षे, म्हणजे १९६७पर्यंत, नाव चालू ठेवले. त्याच शहरात १९७५ साली चार विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या टाकाच क्वार्टेटमध्ये एकजण सोडून गेला, एकजण वारला, एकजण निवृत्त झाला. ज्याच्या आडनावावरून संस्थेला नाव मिळाले, तोच १९९३मध्ये बाहेर पडला. २०१८मध्ये मूळच्या चौघांतला एकच उरला, तरी वादनाची कीर्ती ओसरली नाही. अमेरिकेतल्या ग्वार्नेरी क्वार्टेटने १९६४ ते २००९ या पंचेचाळीस वर्षांत एकच बदल केला, आणि तोही असा की वयोवृद्ध चेलोवादकाच्या जागी त्याचाच शिष्य आला.

आपल्या भाषेत बोलायचे तर एक वाट घराण्याची, दुसरी यारीची. घराण्यात माणूस जातो, गायकी राहते. नवा येतो, तो तालीम घेतो आणि नाव पुढे नेतो. यारीत माणूस हीच गायकी. आपल्याकडे थोरल्या डागर बंधूंचे उदाहरण आहे. नासिर मोइनुद्दीन आणि नासिर अमीनुद्दीन यांची ध्रुपदाची जोडी देशपरदेशात गाजली. १९६६मध्ये मोइनुद्दीन खाँसाहेब गेले. अमीनुद्दीन खाँसाहेबांनी पुढे एकट्याने गायन केले. डागर घराणे चालू राहिले, ती जोडी राहिली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. परंपरा टिकवावी लागते, आणि काही माणसांची जागा भरता येत नाही हेही मान्य करावे लागते. कुठे काय करायचे, हे ओळखणे हीच तहजीब.

मुंबईचा धागा

ही सगळी दूरच्या देशांची कहाणी वाटेल. पण तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. १९३४ साली वॉल्टर कॉफमन हा कार्ल्सबाडचा ज्यू रचनाकार हिटलरच्या सावलीपासून लांब म्हणून मुंबईला उतरला. आल्याबरोबर त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता हे पारशी गृहस्थ. दर आठवड्याला मैफल होई. कॉफमन पुढे रेडिओवर गेला, १९४६पर्यंत मुंबईत राहिला, आपले राग समजून घेत राहिला. आकाशवाणीची जी खूणधून ऐकून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची सकाळ उजाडली, ती या निर्वासिताची रचना आहे. त्यातले व्हायोलिन मेहलींचे आहे असे सांगितले जाते. आपल्या घरात रोज वाजणारा सूर कुणा परागंदा माणसाने दिला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असते?

मेहली मेहतांनी १९३५मध्ये मुंबईत ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४०मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. घरी चालणाऱ्या त्या तालमी ऐकत त्यांचा मुलगा झुबिन वाढला आणि १९५४मध्ये शिकायला गेला तो थेट व्हिएन्नाला. मेहली स्वतः पन्नाशीच्या आसपास पुन्हा नव्याने सुरुवात करायला बाहेर पडले. आधी मँचेस्टरच्या ऑर्केस्ट्रात, मग १९५९पासून पाच वर्षे फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये. तिथे ते दुसरे व्हायोलिन वाजवत. मुंबईत जो माणूस संचालक होता, ज्याच्या इशाऱ्यावर सगळा वृंद चाले, तो परदेशात दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर बसला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. क्वार्टेट ज्याला कळला, त्याला ही खुर्ची खालची वाटत नाही.

वारसा कुणाचा?

ब्रेनिन २००५मध्ये गेला, निसेल २००८मध्ये. मार्टिन लव्हेट एप्रिल २०२०मध्ये ९३व्या वर्षी कोविडच्या साथीत वारला. चौघेही आता नाहीत. त्यांची ध्वनिमुद्रणे आहेत, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या अनेक क्वार्टेटांची पुढची पिढी आहे. म्हणजे यारी संपली तरी तालीम संपली नाही.

या इतिहासातून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एखादी कला, एखादी भाषा कुणाच्या मालकीची, याचे उत्तर सत्ता नेहमी जन्मदाखल्यावर शोधते. व्हिएन्नाचे संगीत कुणाचे, असे १९३८ साली विचारले गेले आणि ज्यांची घराणी त्या संगीतात मुरली होती त्यांना दार दाखवण्यात आले. पण हायडन आणि मोत्सार्ट त्या हुकमाने व्हिएन्नात थांबले नाहीत. ते निर्वासितांच्या व्हायोलिनच्या पेटीत बसून समुद्र ओलांडून गेले, काटेरी तारेआड राहिले आणि दहा वर्षांनी विगमोर हॉलच्या मंचावर उभे राहिले. आपल्याकडे मुसलमान उस्तादांनी कृष्णाच्या बंदिशी पिढ्यान्‌पिढ्या गायल्या आणि त्यांच्याकडून त्या मराठी ब्राह्मणांच्या मुलांनी घेतल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेबांनी जी गायकी रुजवली, ती आज ज्यांच्या गळ्यात आहे त्यांची नावे पाहा. वारसा रक्ताने येत नाही, रियाजाने येतो. जो सांभाळतो, त्याचा तो.

आणि तो एकट्याने सांभाळता येत नाही. क्वार्टेटमध्ये आपला सूर बरोबर असणे पुरेसे नसते. शेजारच्याचा सूर किंचित खाली गेला तर आपणही तिथे जावे लागते, त्याला एकटे पडू देता येत नाही. तसे केले नाही तर चौघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि संगीत मात्र बेसूर होते. ब्रेनिन, निसेल, शिडलोफ आणि लव्हेट हे चाळीस वर्षे रोज सकाळी खुर्च्या जवळ ओढून हेच करत होते. एकमेकांचे ऐकत होते.